दुपारी एकचा शॉर्ट

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"नमस्कार. मी परभणीचा, वय ४६. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, नोकरीची बरीच वर्षं पूर्णा जंक्शनवर गेली. त्यांच्यासाठी वरच्या पत्र्याच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवर मीटरगेजच्या काळातल्या पूर्णाचं विजेवर चालणारं छोटं रेल्वे मॉडेल करायला घेतलंय. रूळ एचओ या मॉडेलच्या मापाचे, कंट्रोलर डिजिटल, तीन अँपिअरचा. डिसेंबरात सुरुवात केली, फेब्रुवारीत गाडी फिरली. त्या दिवशी बाबा दोन तास खुर्चीवरून उठले नाहीत. पण एप्रिलपासून सांध्यांनी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांनी, जीव नकोसा केलाय. एक नंबरचा सांधा सरळ लावला तर ठीक, वळणावर लावला की गाडी नसतानाही कंट्रोलर बंद. गाडी पुढे मंदावत होती म्हणून पुढच्या सरळ रुळाला जादा वायर जोडली, तेव्हापासून हे चालू झालं. दोन नंबरवरून डबे बिनबोभाट जातात, पण डिझेल इंजिन गेलं की ठिणगी पडते आणि क्षणभर सगळं थांबतं. तीन नंबर सकाळी नीट चालतो, दुपारी बारा-एकनंतर शॉर्ट होतो आणि रात्री जेवून वर जावं तर पुन्हा नीट. रूळ तारेच्या घासणीनं घासले, सगळे जोड सोल्डर केले, वीज तोडायला रुळात करवतीनं पाडलेल्या फटी पुन्हा पुन्हा बघितल्या. मित्र म्हणतो, तीन अँपिअर कमी पडतात, दहा अँपिअरचा सप्लाय लाव आणि ते सारखं ट्रिप होणं बायपास करून टाक. तिन्ही सांधे उखडून नवे टाकू का? दहा वर्षांची मुलगी सोबत खेळते, तिला धोका नाही ना?"

भाऊ,

आधी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांना उशीर चालणार नाही. मित्राचं ऐकून काही बायपास केलं असेल तर हे पुढचं वाचायच्या आत वर जाऊन ते काढा. आणि सांधे उखडू नका. तुमच्या वर्णनावरून तिन्ही सांधे धडधाकट आहेत.

ट्रिप होणं हा तुमच्या कंट्रोलरचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. रुळांवर साधारण १५ व्होल्ट असतात. तीन अँपिअर वाहिले तर ४५ वॅट होतात. तुमची सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटची असेल. म्हणजे आत्तासुद्धा शॉर्टच्या एका टिंबाएवढ्या जागेत जवळजवळ दोन आयर्नांची उष्णता साचू शकते. कंट्रोलर डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होतो म्हणून काही जळत नाही. दहा अँपिअरचा सप्लाय लावून संरक्षण काढलंत तर तिथे १५० वॅट येतील आणि थांबवणारं कोणी नसेल. आधी सांध्याचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतील, मग इंजिनातला डीकोडर, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम घेणारं सर्किट, जाईल, आणि हे सगळं पत्र्याखाली वाळून खडखडीत झालेल्या प्लायवर. मी बावीस वर्षं कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम केलं. ट्रिप होणाऱ्या गोष्टीवर बायपास टाकून काम "चालू करून दिलेली" पॅनेल्स नंतर कशी काळी पडून परत येतात, ते मी स्वतः उघडून पाहिलंय. त्या मित्राला तुमचं भलंच हवंय, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता सांध्यांकडे येऊ. शॉर्ट शोधताना आपण सगळे "कुठे झाला" इथून सुरुवात करतो आणि रूळ उचकटत बसतो. मी "कधी होतो" इथून सुरुवात करतो. तुम्ही पत्रात तिन्ही सांध्यांचं "कधी" नेमकं लिहिलंय: एकाचा शॉर्ट तो फिरवला की, दुसऱ्याचा ठरावीक इंजिन आलं की, तिसऱ्याचा ठरावीक वेळ झाली की. हे तीन वेगवेगळे आजार आहेत. एकाच औषधानं तिघांना बरं करायला गेलात, म्हणून कोणालाच गुण आला नाही.

सांध्यावरच हे का होतं, तेही समजून घ्या. टेबलावर सगळीकडे डावा आणि उजवा रूळ १६.५ मिलिमीटरचं अंतर राखून चालतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. सांध्यात मात्र एका वाटेचा डावा रूळ दुसऱ्या वाटेच्या उजव्या रुळाला ओलांडतो. बाबांना विचारा, ते त्या जागेला क्रॉसिंग म्हणतील. सांध्याच्या खोक्यावर तिलाच फ्रॉग लिहिलेलं असतं. दोन विरुद्ध ध्रुव इतके जवळ आणणारी दुसरी जागा तुमच्या लेआउटवर नाही. क्रॉसिंगचं टोकदार नाक, हलणाऱ्या दोन टंग रेल आणि बाहेरच्या दोन स्टॉक रेल एवढं नीट बघता आलं की निम्मं काम झालं. हे सगळं बाबांच्या हाताखालून हजारदा गेलेलं आहे, फक्त त्यांच्या सांध्यात वीज या कामासाठी नव्हती. त्यांना शेजारी बसवूनच हे काम करा.

तीन नंबरपासून सुरू करतो, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे आणि तो खास आपल्याकडचा आजार आहे.

सकाळी नीट, दुपारी शॉर्ट, रात्री नीट. वायर चुकीची जोडलेली असती तर ती सकाळीही चुकीचीच असती. इंजिनाचं चाक बिघडलेलं असतं तर रात्रीही बिघडलेलंच असतं. घड्याळाबरोबर चालणारी एकच गोष्ट तुमच्या खोलीत आहे, ती म्हणजे पत्र्यावरचं ऊन. आपले मॉडेलचे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. हा धातू दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०१७ मिमी वाढतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण तुमची लांब बाजू आठ फुटांची, म्हणजे २.४ मीटर. पहाटे खोलीत २५ अंश आणि दुपारी पत्र्याखाली ४५ अंश धरले, तर तो रूळ रोज ०.८ मिमीनं लांब होतो. करवतीनं पाडलेली फट किती रुंद असते? अर्धा मिमी, फार तर थोडी जास्त. आणि ती तुम्ही डिसेंबरात पाडलीत, १२-१५ अंशांच्या थंडीत. तिथून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत रूळ सव्वा मिमीच्या पुढे वाढलाय. फट मिटली, रुळांची टोकं भिडली. रात्री रूळ आखडला की पुन्हा उघडली. तुम्ही रात्री वर जाऊन फटी तपासत होतात, तेव्हा त्या उघड्याच दिसणार.

प्लायवुडही उन्हाळ्यात कोरडं पडून किंचित आकसतं आणि फट मिटवायला हातभार लावतं. पण प्लाय रोज दुपारी आकसून रात्री पुन्हा फुगत नाही, त्याची चाल ऋतूची आहे. रोजची ये-जा रुळाचीच.

दुसरी गोष्ट सांगताना वाईट वाटतं, कारण तुम्ही ती मन लावून केली आहे. सगळे जोड सोल्डर केलेत ना? त्यानं वीज छान वाहते, पण आठ फुटांचा रूळ एकसंध सळई झाला. पूर्वी प्रत्येक जोडात थोडी थोडी वाढ मुरत होती, आता सगळी वाढ एकाच ठिकाणी निघते, ती म्हणजे ती फट. एप्रिलमध्ये त्रास सुरू केला उन्हानं, तो वाढवला सोल्डरनं. बाबांना विचारा, उन्हाळ्यात भर दुपारी ट्रॅकमन हॉट वेदर पेट्रोलिंगला का निघतात. खरा रूळ तापून बाजूला फुगला तर गाडी घसरते, म्हणून तो माणूस उन्हात चालत जाऊन रूळ बघतो. तुमच्या टेबलावर तेच चाललंय, फक्त इथे रूळ बाजूला न फुगता फट मिटवतोय.

खात्री करून घ्यायची तर उद्या दुपारी एकला, शॉर्ट चालू असताना, कंट्रोलरच्या दोन्ही वायरी रुळापासून सोडवा. सगळी इंजिनं आणि दिवेवाले डबे उचलून ठेवा. ते राहिले तर मल्टिमीटर त्यांच्यातूनच वाट दाखवतो आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसता. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून फटीच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवर टोकं टेकवा. पण लेआउटवर वीज दुसऱ्या वाटेनं फिरून आली तरी बीप वाजते, म्हणून दुसरी परीक्षाही करा: जुन्या एक्स-रे फिल्मची बारीक पट्टी फटीत घालून बघा. दुपारी जात नाही आणि रात्री सहज जाते, तर निदान पक्कं. सांधा कुठल्या बाजूला लावलेला असताना शॉर्ट होतो तेही लिहून ठेवा. सरळ लावलेला असताना होत असेल तर मिटलेली फट वळणाच्या रुळाची असते, आणि वळणावर लावलेला असताना होत असेल तर सरळ रुळाची. नाकाचा ध्रुव ज्या बाजूला सांधा लावला तिचा होतो, म्हणून भांडण नेहमी दुसऱ्या बाजूशी होतं.

आता उपाय. नुसती फट मोठी करू नका. हिवाळ्यात ती इतकी रुंद होईल की चाक त्यात आपटेल. फटीत काहीतरी भरायचं. जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी पाऊण मिमीच्या आसपास असते. फट तेवढी रुंद करायला सोनार वापरतात ती बारीक करवत आणा, सराफ्याजवळ अवजारांच्या दुकानात मिळते. हे काम सकाळी गारव्यात करा. कार्डाचा तुकडा फटीत बसवून फेविक्विकचा थेंब सोडा, वाळला की ब्लेडनं आणि बारीक कानशीनं रुळाच्या आकाराला घासा. वरून रंग दिला की दिसतही नाही. आता रूळ कितीही वाढला तरी प्लास्टिकवर येऊन टेकेल.

पण टेकलेल्या रुळाला वाढायला जागा हवीच, नाहीतर तो मधेच कुठेतरी फुगून वर येईल. म्हणून दर तीन फुटांवर एक जोड सोल्डर काढून मोकळा करा, आत अर्धा मिमी जागा सोडा आणि त्या जोडाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना खालून वेगवेगळ्या वायरी द्या. खालची मुख्य जोडी दीड एमएमची, वर येणाऱ्या छोट्या वायरी अर्ध्या एमएमच्या पुरतात. वीज वायरीतून येऊ द्या, जोडावर तिचा भार टाकू नका. आणि पत्र्याला वरून चुना मारून घ्या. लेआउटला फरक पडेल, दुपारी तिथे बसणाऱ्या बाबांना जास्त पडेल. ज्यांच्याकडे अजून माळवदाची खोली शिल्लक आहे त्यांचे रूळ उन्हाळ्यात इतके पळत नाहीत, पण ती भाग्यं आता थोड्यांची.

एक नंबर सोपा आहे. तो सांधा जिवंत क्रॉसिंगचा दिसतोय, म्हणजे ज्याचं नाक पूर्ण धातूचं असतं आणि खोक्यावर इलेक्ट्रोफ्रॉग लिहिलेलं असतं. अशा सांध्यात नाक आणि नाकाच्या पुढे निघणारे दोन्ही आतले रूळ एकच असतात. टंग रेल ज्या स्टॉक रेलला चिकटेल तिचा ध्रुव नाकाला मिळतो. सांधा सरळ असताना सरळ वाटेचा आतला रूळ आणि नाक एकाच ध्रुवाचे, कुरबुर नाही. वळणावर लावला की नाकाचा ध्रुव उलटतो आणि त्याला धातूच्या जोडानं बांधलेला सरळ वाटेचा रूळही उलटायला बघतो. पूर्वी तो बिचारा उलटतही होता, कारण त्याला दुसरीकडून वीज नव्हती. एप्रिलमध्ये तुम्ही पुढे जादा वायर जोडलीत, तेव्हा त्याचा ध्रुव पक्का झाला आणि दोघांची टक्कर सुरू झाली. वायर जोडायचा निर्णय बरोबर होता, ती काढू नका. नाकाच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांवरचे धातूचे जोड काढून प्लास्टिकचे घाला. दोन्हींवर घाला, आज एकाच बाजूला त्रास आहे, उद्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळाला, वायर दिलीत की दुसऱ्या बाजूलाही तेच होईल.

हे झालं की नाकाला वीज कुठून मिळते ते बघा. टंग रेलच्या नुसत्या चिकटण्यावर विसंबू नका, आपल्याकडच्या धुळीत तो स्पर्श महिन्याभरात कच्चा होतो आणि इंजिन नाकावर अडायला लागतं. सांध्याच्या मोटरीला किंवा हातानं फिरवायच्या दांडीला एक दोन-मार्गी स्विच जोडा, त्याची मधली वायर नाकाला आणि बाजूच्या दोन एकेका स्टॉक रेलला. बाजूच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर सांधा दोन्हीकडे शॉर्ट होईल. घाबरू नका, फक्त त्या दोन वायरी उलटवा. सांधा फिरताना मधेच क्षणभर ट्रिप झालं, तर स्विच टंग रेलच्या आधी पलटतोय असं समजा आणि त्याची जागा थोडी सरकवा.

दोन नंबर. डबे जातात आणि इंजिनच अडतं, म्हणजे शॉर्ट चाक करतंय. पूर्णेच्या मीटरगेजसाठी तुम्ही वायडीएम-४ केलं असणार; त्याच्या प्रत्येक बोगीला, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याला, तीन धुऱ्या, सहा चाकं. लांब बोगी वळणात शिरताना मधलं चाक बाजूला सरकतं. आता संध्याकाळी दिवे मालवा, इंजिन अगदी हळू, बोटाच्या आधारानं सांध्यावरून न्या आणि ठिणगी नेमकी कुठे पडते ते तुमच्या मुलीला बघायला सांगा. लहान डोळ्यांना ती आधी दिसते.

ठिणगी नाकापाशी पडली तर हा सांधा प्लास्टिकच्या नाकाचा आहे, इन्सुलफ्रॉग. तिथे दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ मिलिमीटरभर अंतरावर येऊन थांबतात आणि रुंद चाकाची धाव दोघांवर एकदम टेकते. त्या दोन्ही रुळांच्या टोकांवर, नाकाकडच्या चार-पाच मिमी भागात, पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. हे झिजतं, चार-सहा महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं, पण घरात मिळणाऱ्या वस्तूनं होणारी इतकी नेमकी दुरुस्ती मला दुसरी माहीत नाही.

ठिणगी नाकापाशी न पडता सुरुवातीला, उघड्या टंग रेलपाशी पडली, तर चाकाची आतली बाजू तिला घासतेय. इंजिन उलटं करून व्हर्नियरनं धुरीवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओला ते साडेचौदा मिमीच्या आसपास हवं. १४ च्या जवळ आलं असेल तर चाकं आत सरकली आहेत. हलक्या हातानं पिरगाळत बाहेर ओढा, दोन्ही सारखी, आणि पुन्हा मोजा. सांध्यात काही करू नका. आणि एखाद्या डब्याची चाकं बदलून धातूची घातली असतील, तर प्रत्येक धुरीचं इन्सुलेटेड चाक एकाच बाजूला आहे ना, तेही बघून घ्या.

इथे बाबांना सांगायला एक गोष्ट देतो. तुम्ही ज्याला शॉर्ट म्हणून वैतागलात, त्याच्यावर खऱ्या स्टेशनचं संरक्षण उभं आहे. ट्रॅक सर्किट असलेल्या स्टेशनात दोन रुळांत बारीकशी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिच्या धुऱ्या दोन्ही रूळ जोडतात, रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, पडतो आणि त्या लाइनवर दुसऱ्या गाडीला सिग्नल मिळत नाही. तिथेही विभाग वेगळे ठेवायला रुळात इन्सुलेशनचे जोड असतात, त्यांना ग्लूड जॉइंट म्हणतात. तुमचा एटीएम कार्डाचा तुकडा त्याच जातीचा.

आता तारेच्या घासणीबद्दल. ती पुन्हा रुळाला लावू नका. तिचे केसाएवढे तुकडे फटीत आणि टंग रेलच्या मागे अडकतात, शिवाय इंजिनाच्या मोटरीतलं चुंबक त्यांना आत ओढून घेतं. लेआउटवरून व्हॅक्यूम फिरवा, मग कापडात गुंडाळलेलं चुंबक रुळाच्या दोन्ही बाजूंनी न्या. खडीसाठी गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीची, वाळू आणली असेल, जशी आपल्याकडे बहुतेक जण आणतात, तर अंथरायच्या आधी तिच्यातूनही चुंबक फिरवा. आपल्या काळ्या दगडातून सुटलेले मॅग्नेटाइटचे काळे, चमकदार कण तिच्यात भरपूर असतात आणि चुंबकाला मिशीसारखे लोंबकळतात. सांध्याच्या तोंडाशी आणि मोटरीजवळ ते नकोतच.

यापुढे असा त्रास आला तर शोधायला एक साधन करून ठेवा. प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, शंभरचा दिवा लावलेला. तीच युक्ती इथे १२ व्होल्टमध्ये करायची. गॅरेजमधून १२ व्होल्ट, २१ वॅटचा मोटारीच्या ब्रेक लाइटचा दिवा आणि होल्डर आणा, आणि कंट्रोलरकडून लेआउटला जाणाऱ्या दोन वायरींपैकी एकीत तो सिरीजमध्ये घाला. इंजिन अर्धा-एक अँपिअरच्या आत चालतं, तेव्हा दिवा मिणमिणतो किंवा विझलेलाच राहतो. शॉर्ट झाला की दिवा लख्ख पेटतो आणि प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास अडकतो. तुमचा कंट्रोलर तीनचा, म्हणजे तो बंदही पडत नाही. मग निवांतपणे एकेक जोड हलवा, सांधा फिरवा, इंजिन ढकला. ज्या क्षणी दिवा विझला ती जागा सापडली. दिवा फार तापतो. त्याला पत्र्याच्या पट्टीवर लावा, प्लायला किंवा थर्माकोलला टेकू देऊ नका.

आणि सगळं झालं की रुपयाचं नाणं घ्या. सिरीजचा दिवा काढून, कंट्रोलर चालू ठेवून, ते नाणं लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक सांध्याच्या पुढे-मागे दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. प्रत्येक वेळी कंट्रोलर तत्काळ बंद झाला पाहिजे. एखाद्या टोकाला तो बंद होत नसेल, तर तिथपर्यंतची वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. त्या अडथळ्यामुळे प्रवाह ट्रिप होण्याइतका चढत नाही आणि शॉर्ट झाल्यावर तिथे नुसतं तापत राहतं. मला या लेआउटवर सर्वांत जास्त भीती अशाच जागेची आहे. तिथे जाड वायर टाकेपर्यंत गाडी नेऊ नका.

मुलीसाठी रुळावरचे १५ व्होल्ट धोक्याचे नाहीत, तिला खुशाल हात लावू द्या, सांधे फिरवू द्या. धोका भिंतीकडच्या २३० व्होल्टचा आहे. अडॅप्टर उघडू नका, त्याची वायर टेबलाखाली लोंबकळू देऊ नका, वरच्या खोलीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि जोड मोकळे करायला सोल्डरिंग आयर्न तुम्हीच धरा.

पुढे इंजिनाचं तोंड फिरवायला रुळांचा त्रिकोण टाकायचा विचार मनात आला, तर रूळ चिकटवायच्या आधी मला लिहा. तो कसाही जोडला तरी शॉर्टच होतो. त्याच्या एका भुजेच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून, मधे आपोआप ध्रुव बदलणारं यंत्र लावावं लागतं, आणि ती भुजा तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवी.

या रविवारी सकाळी एक नंबरचे दोन प्लास्टिकचे जोड घाला, त्याला तासभर पुरे. तीन नंबरला दोन सकाळी लागतील. ते काम झाल्यावर भिंतीला एक साधा थर्मामीटर टांगा आणि दुपारी एकला, बाबा खुर्चीवर असताना, गाडी तीन नंबरवरून दहा वेळा न्या. एकदाही अडली तर तेव्हाचं तापमान, सांधा कुठल्या बाजूला होता ते, आणि दिवा पेटला की नाही, एवढं लिहून पाठवा.